शोरूमचे न्यायशास्त्र

नाशिक जिल्ह्यावर गौतम नावाचे दुहेरी ऋण आहे. एका गौतमाने त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर गोदावरी आणली. दुसऱ्या, अक्षपाद म्हणवणाऱ्या गौतमाने न्यायसूत्रे रचली. हे दोघे एकच की निराळे, यावर पंडितांचे एकमत नाही. पण मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत महामार्गालगतच्या कोणत्याही मोटारींच्या शोरूममध्ये रविवारी दुपारी तासभर बसलेल्या माणसाला ते एकच होते याबद्दल शंका उरणार नाही. इतके अस्सल न्यायशास्त्र नाशिककरांच्या अंगात गंगापूर धरणाच्या पाण्यावाटेच उतरले असले पाहिजे.

प्रस्तुत निबंधाचा विषय मर्यादित आहे. नव्या गाडीच्या किमतीतले शेवटचे पंधरा हजार कसे सुटतात आणि सुटल्यावर जातात कुठे, एवढेच येथे पाहायचे आहे.

शास्त्र जुने असले तरी मोटारीला ते लागू झाले अलीकडे. लायसन्स-परमिटच्या राज्यात गाडीला भाव नव्हता, नंबर होता. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसत. नंबर लागलेला भाग्यवान स्कूटरला किक न मारताच ती वर ‘ऑन’ घेऊन विकू शके, आणि घासाघीस काय व्हायची ती या ऑनवर. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८०० ची चावी मिळाली. त्या समारंभात कोणी फ्लोअर मॅट फुकट मागितल्याची नोंद नाही. पुढे गाड्या वाढल्या, शोरूम समोरासमोर आले आणि ‘शेवटचं सांगा’ हे वाक्य जन्माला आले. या शास्त्राचा प्रारंभ तेथून धरावा.

गौतमाच्या मते कोणतेही अनुमान पाच अवयवांनी सिद्ध होते. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. शोरूममधला प्रयोग असा: ‘वीस हजार कमी करा’ ही प्रतिज्ञा. ‘कारण आम्ही रोख देणार’ हा हेतू. ‘आमच्या मेव्हण्याने रोख दिले, त्याला सोडले होते’ हे उदाहरण. ‘आम्हीही तसेच’ हा उपनय. ‘म्हणून वीस हजार कमी करा’ हे निगमन. यात मेव्हणा अपरिहार्य आहे. तो कधी साडू असतो, कधी ऑफिसातला कुलकर्णी, पण त्याला मिळालेली सूट नेहमी आपल्याला मिळणाऱ्या सुटीपेक्षा पाच हजारांनी जास्त असते. त्या मेव्हण्याचे बिल आजवर कोणी पाहिलेले नाही. गौतमाने शब्दाला प्रमाण मानले खरे, पण आप्ताच्या, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या शब्दाला. मेव्हणा नात्याने आप्त असतो. शास्त्रार्थाने तो आप्त ठरतो का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता हेतू तपासू. हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला तो हेत्वाभास. गौतमाने त्याचे पाच प्रकार सांगितले. शोरूममध्ये तीन पुरतात.

‘रोख देतो’ हा विरुद्ध हेत्वाभास होय, कारण तो नेमकी उलटी गोष्ट सिद्ध करतो. एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त नोटा घेणाऱ्याला घेतले तेवढाच दंड होऊ शकतो. बरे, रोख म्हणजे आपल्याच खात्यातून एकदम, असा अर्थ घेतला, तरी डीलरला कर्जाच्या फाइलवर बँकेकडून काही ना काही सुटत असते. म्हणजे कर्ज काढणारा गिऱ्हाईक त्याला अधिक प्रिय. आपण छाती पुढे काढून ‘लोन नको’ म्हणतो तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्याला आपण आदर समजतो.

दुसरा सव्यभिचार. जो हेतू सगळीकडेच लागू होतो, तो काहीच सिद्ध करत नाही. याचे खास नाशिकचे उदाहरण म्हणजे सातपूर-युक्तिवाद. बोलेरो आणि स्कॉर्पिओ येथल्या महिंद्राच्या कारखान्यात घडल्या. अर्ध्या सिडकोच्या घरांत सातपूर नाहीतर अंबडला पाळीवर गेलेला कोणीतरी निघतो. म्हणून नाशिककर विचारतो, ‘गाडी इथेच बनते, मग ट्रान्सपोर्टचे पैसे कसले?’ प्रश्न बिनतोड वाटतो. पण गावातला प्रत्येक जण तोच विचारतो, आणि कारखान्याच्या फाटकावर उभे राहून कोणालाही गाडी मिळत नाही. शिवाय हाच गृहस्थ गुजरातेत किंवा हरियाणात बनलेली गाडी घेतो तेव्हा जास्त भाडे देऊ करत नाही.

तिसरा कालातीत. ‘गेल्या दिवाळीत पन्नासची ऑफर होती.’ होती.

चर्चेचेही गौतमाने तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची मोडत राहणे ती वितंडा. शोरूममध्ये वाद होत नाही. सेल्समन जल्प करतो आणि जाणते गिऱ्हाईक वितंडा. ‘सर, तुमच्या मनात काय आकडा आहे?’ असे विचारल्यावर जो आकडा सांगतो तो संपला. मुरलेला माणूस म्हणतो, ‘तुम्हीच सांगा.’ सेल्समन सांगतो. मुरलेला माणूस खिडकीबाहेर बघतो. यात बोलण्यासारखे काही नसल्याने ते फार परिणामकारक ठरते.

येथे एका निरीक्षणाकडे विद्वानांचे लक्ष वेधू इच्छितो. निर्णायक आकडा कधीच तोंडाने उच्चारला जात नाही. सेल्समन कॅल्क्युलेटरवर बोटे चालवतो, मग ते यंत्र टेबलावर अर्धवर्तुळात फिरवून आपल्याकडे करतो आणि पेन त्याच्याशेजारी आडवे ठेवतो. आपण बघतो, मान हलवतो, यंत्र परत ढकलतो. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाला काही कळत नाही. ही हत्ता पद्धत आहे. बैलबाजारात दलाल आणि शेतकरी उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव करायचे, भोवतीच्या माणसांना फक्त चेहरे दिसायचे. बाजार समित्यांनी उघडा लिलाव आणला आणि उपरण्याखालचे हात सुटले. वातानुकूलित शोरूममध्ये ते पुन्हा धरले गेले आहेत.

उघड्या लिलावाचा विषय निघालाच आहे तर निफाडकडच्या अण्णांचे सांगितले पाहिजे. लासलगाव-पिंपळगावच्या आवारात त्यांची कांद्याची ट्रॅक्टर-ट्रॉली रांगेत लागते. व्यापारी मूठभर कांदा उचलतो, पुकारा होतो, काही क्षणांत क्विंटलचा भाव फुटतो. त्या साऱ्या प्रकारात अण्णांना बोलायला जागा नसते. फार तर माल परत न्यायचा. असा माणूस पिकअप घ्यायला शोरूममध्ये आला, की खुर्चीत मागे रेलून बसतो. येथे पैसे त्याचे, आणि भाव तो बोलणार. ‘अण्णा, मी तर लगेच सोडले असते, पण सिस्टीम घेत नाही,’ सेल्समन म्हणतो. ‘सिस्टीमला बोलव,’ अण्णा म्हणतात. शहरी माणसाची घासाघीस मला तर्क वाटते, अण्णांची हिशेब चुकता करणे वाटते, आणि शास्त्रकाराने तटस्थ राहायचे असूनही मी अण्णांच्या बाजूचा आहे.

सिस्टीम काचेच्या केबिनमध्ये बसते. सेल्समन आत जातो, मॅनेजरसमोर उभा राहतो, दोघे काचेतून दिसतात पण ऐकू येत नाहीत. ते आपल्याविषयीच बोलत असतील असे मानण्यास आधार नाही. मॅच चालू असेल तर तर नाहीच. परत आल्यावर तो म्हणतो, ‘सर, साहेबांना खूप समजावले. आज बुक केले तर पाच.’ मग शिष्टमंडळातला ज्येष्ठ उठतो. ‘चला’ हा शब्द उच्चारून दारापर्यंत किती हळू चालावे, याचे शिक्षण घराण्यातून मिळते. दाराआधी हाक आली तर दहा. पार्किंगमध्ये आली तर बारा. हाक आलीच नाही, तर परत जाण्यासाठी विसरलेली पिशवी लागते. म्हणून काही घराणी पिशवी मुद्दाम विसरतात.

वादी हरला हे ज्यावरून ओळखावे, अशी बावीस निग्रहस्थाने गौतमाने दिली आहेत. त्याच्या काळी डिस्प्लेची गाडी नव्हती, म्हणून तेविसावे राहून गेले. सातवीतली मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर बसून सनरूफ उघडत म्हणते, ‘बाबा, हीच लाल घ्यायची ना?’ यानंतर वितंडा चालत नाही.

आता मूळ प्रश्न: ते पंधरा हजार येतात कोठून? कोटेशनचा कागद वरून खाली वाचावा. एक्स-शोरूम किमतीतला जीएसटी केंद्र आणि राज्य यांचा मिळून. त्याखाली रोड टॅक्स एकट्या राज्याचा: १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. म्हणजे ९ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ९९ हजार, आणि त्यातला एक रुपया पेठ रोडवरच्या आरटीओलाही सोडता येत नाही. १० लाखांपुढच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, तो पुढे आयकरात वळता होतो. हे सगळे मोठे आकडे. त्यांच्यावर कोणी भांडत नाही, आणि भांडून उपयोग नाही हे ठीकच.

खाली तीन मऊ ओळी असतात. विम्याची, ‘हँडलिंग’ची आणि किटची. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर ठरलेला. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो त्याचा हप्ता कंपनीगणिक बदलतो, आणि विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही. हँडलिंग म्हणजे गाडी त्यांनी हाताळली याचे पैसे. आरटीओची पावती त्याला येत नाही. किटमध्ये मड फ्लॅप, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग आणि चांदीसारखी दिसणारी एक कीचेन.

तर सिद्धान्त असा: सूट उत्पन्न होत नाही, नष्टही होत नाही, ती ओळ बदलते. अडीच तासांच्या जल्प-वितंडेने किमतीतून सुटलेले पंधरा हजार विमा आणि किटच्या ओळीत सुखरूप जाऊन बसतात. गिऱ्हाईक जिंकून बाहेर येतो. डीलरही हरलेला नसतो. सीट कव्हर फुकट मिळाल्याची वार्ता कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या नातेवाइकांत पोचते, आणि पुढच्या कोणाचा तरी मेव्हणा तयार होतो.

काळाचाही विचार हवा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा या साडेतीन मुहूर्तांना भाव मागणे व्यर्थ. त्या दिवशी गाडी नेण्यासाठी रांग असते, हार आणि पेढे असतात, आणि चाकाखालचे लिंबू फुटल्याचा आवाज पाच-पाच मिनिटांनी येतो. खरा काळ पितृपक्षाचा. याबाबतीत २०२५ साल अपूर्व होते. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर येथून १८ वर आणल्याची घोषणा ३ सप्टेंबरला झाली, अंमल २२ पासून. सर्वपित्री अमावास्या २१ ला आणि घटस्थापना २२ लाच. ज्याला पितरांचे भय नव्हते, त्यालाही जीएसटी परिषदेने पंधरवडाभर थांबवले. कर आणि पंचांग यांचे इतके एकमत पुन्हा लवकर होईल असे वाटत नाही.

ज्यांना शास्त्राऐवजी फक्त गाडी हवी आहे, त्यांनी एवढे करावे. त्याच आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचा, विम्याचा दर बाहेरून आणून टेबलावर ठेवावा. डीलरचा दर बहुधा तेथेच खाली येतो. हँडलिंगची ओळ खोडायला सांगावी. चासी नंबरच्या सतरा अक्षरांतले दहावे बघावे: बहुतेक कंपन्यांत ‘आर’ म्हणजे २०२४, ‘एस’ म्हणजे २०२५, ‘टी’ म्हणजे २०२६. गेल्या वर्षीचे अक्षर निघाले, तर मेव्हण्याची गरज नाही, सूट मागायला तेवढा हेतू पुरतो आणि तो आभास नाही. आणि ठरलेले सगळे, मड फ्लॅपसकट, पैसे भरण्याआधी बुकिंगच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यावे.