उणे साठ टक्के लवचीकता

उजनीकाठच्या माणसाला आजवर दोनच ठिकाणच्या दरवाजांवर नजर ठेवावी लागायची. भीमेवरच्या धरणाचे दरवाजे 41. साखर कारखान्याचा दरवाजा एकच, पण त्या 41 दरवाजांना भारी पडेल असा. आता तिसरा दरवाजा आला आहे. तो समुद्रापलीकडं आहे, अरुंद जागी जेमतेम 33 किलोमीटर रुंद आहे आणि त्याचं नाव होर्मुझची सामुद्रधुनी. धरणातून पाणी सोडायचं तर आधी भोंगा वाजतो. होर्मुझ बंद होणार असं नुसतं कानावर आलं, की केळीच्या व्यापाऱ्याचा फोन वाजायचा थांबतो. आम्ही त्यालाच भोंगा समजतो.

जेऊर स्टेशनाबाहेरच्या टपरीवर आता असं बोलणं चालतं.

"तात्या, कटिंग कधी हाय?"

"व्यापारी म्हणतोय, इराणचं मिटू दे."

"आन् तुमच्या बांधाचं?"

"त्याची पुढची तारीख पडलीय."

करमाळा-माढ्याच्या या पट्ट्यात, कंदर, वांगी, शेटफळ, वाशिंबे या गावांत, उसाच्या जोडीला केळी आली आणि परराष्ट्र धोरण थेट शेडमध्ये शिरलं. बागेतून घड खांद्यावर येतो. फण्या सुटतात, तुरटीच्या पाण्यात डुंबतात, चीक धुतला जातो. मग एकेक फणी उलटीपालटी करून बघतात. नखाएवढा डाग दिसला तर ती 'लोकल', म्हणजे आपल्या पोराबाळांसाठी. निष्कलंक फणी तेरा किलोच्या खोक्यात बसते आणि थंडगार कंटेनरमधून न्हावा शेवामार्गे आखाताकडं निघते. तिकडं केळ्यावर डाग चालत नाही. इकडं सातबाऱ्यावर बोजा चालतो.

या केळीला एक वाईट खोड आहे. तिला बातम्या कळत नाहीत. 13 जून 2025 ला इस्रायलनं इराणवर हल्ला केला, 22 तारखेला अमेरिकेनं बॉम्ब टाकले, त्याच दिवशी इराणच्या संसदेनं होर्मुझ बंद करायला संमती दिली आणि 24 तारखेला युद्धविराम झाला. बारा दिवसांत तीन देशांनी विजय जाहीर केला. झाडावरचा घड मात्र रोज थोडा थोडा भरतच राहिला. निर्यातीचा माल पाऊण भरला की उतरवावा लागतो, म्हणजे जहाजात तो हिरवा राहतो. बारा दिवस थांबला की तो गोड होतो, आणि गोड झाला की निर्यातीच्या कामाचा उरत नाही. जगात गोड होण्याची शिक्षा फक्त केळीला आणि गरीब पाहुण्याला होते.

भावाची गंमत वेगळीच. तेहरानवर रॉकेट पडलं की तासाभरात कंदरला भाव पडतो. एवढं वेगवान दळणवळण आपल्या एसटीलाही जमलेलं नाही. युद्ध थांबलं की भाव चढायला हवा ना? तेव्हा उत्तर येतं, "अण्णा, आता सगळ्यांचाच माल एकदम आलाय." म्हणजे युद्धात गिऱ्हाईक नाही आणि शांततेत माल जास्त. इराण, इस्रायल, अमेरिका हे तिघं एकमेकांवर काय टाकतात ते टाकोत, शेवटी ते आपल्या शेडवरच येऊन पडतं.

ही झाली माल जाण्याची तऱ्हा. माल पिकवायलाही महासत्ता लागतातच. शेताच्या कोपऱ्यात ठिबकला खत सोडायची दोनशे लिटरची टाकी असते. तिच्यात सकाळी डोकावून बघा, सुरक्षा परिषद भरलेली दिसेल. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि आपल्या देशात ते जवळपास निघतच नाही. ते रशिया, बेलारूस, कॅनडाकडून येतं. युक्रेनचं युद्ध पेटलं त्या 2022 मध्ये पोटॅशचं पोतं 1700 रुपयांवर गेलं, तेव्हा कीव्ह कुठं आहे हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांआधी कृषी सेवा केंद्रवाल्याला कळलं. युरियाचे कारखाने गॅसवर चालतात, त्यातला बराच कतारहून येतो आणि तोही त्याच होर्मुझच्या दारातून. पाण्यात विरघळणाऱ्या खतांचा मोठा वाटा चीनचा. 2025 च्या उन्हाळ्यात चीननं त्यांची पाठवणी अडवली. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, हस्तांदोलन झालं, खत देऊ म्हणाले. घड काही त्या हस्तांदोलनासाठी थांबला नव्हता.

आमच्या धरणाचं पाणी जिथवर जातं त्या सोलापूर शहरालाही प्रसाद मिळाला. रशियाचं तेल घेतलं म्हणून अमेरिकेनं 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. तेल घेतलं रिफायनरीनं, दंड बसला सोलापूरच्या टॉवेलला. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात असं ऐकलं होतं. इथं संन्याशाचा पंचाच धरला.

आता कुणी म्हणेल, एवढा मार खाऊनही माणसं उभी आहेत, म्हणजे कौतुकच आहे की. कौतुक होतंच. त्यासाठी वातानुकूलित सभागृहं आहेत. तिथं आमच्यासाठी एक नवा शब्द आला आहे: आर्थिक लवचीकता. विकसनशील भागातली माणसं धक्के पचवतात, पुन्हा उभी राहतात, म्हणून ती लवचीक. ऊस मोडला, केळी लावली. केळी बसली, पुन्हा ऊस लावला. यालाच तिकडं लवचीकता म्हणतात. आमच्याकडं याला 'दुसरं काय करणार' म्हणतात.

या शब्दाचा खरा अर्थ समजून घ्यायचा तर सभागृहातून उठून भीमानगरला धरणावर यावं लागेल. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी. त्यात वापरायचा, म्हणजे उपयुक्त साठा साडेत्रेपन्न. उरलेला त्रेसष्ट टीएमसीच्या वर मृतसाठा. जिवंतापेक्षा मृत जास्त असलेला हा हिशेब समजला की आमचं अर्थशास्त्र समजलं. उपयुक्त साठा संपला की धरण शून्यावर येतं. दुसरीकडं शून्य म्हणजे शेवट. आमच्याकडं शून्य म्हणजे सुरुवात. त्याच्या पुढं उणे दहा, उणे वीस असं मोजत उन्हाळा काढतात. जून 2024 मध्ये धरण उणे 60 टक्क्यांच्या घरात गेलं होतं. परीक्षेत उणे साठ मिळालेलं पोरगं आणि तरीही पास, असं हे एकमेव धरण.

त्या दिवसांत पाणी काठापासून मागं मागं सरकतं. सकाळी मोटर उघडी पडते. मग चिखलातून मोटर पुढं न्यायची, दोन पाइप जोडायचे, केबल वाढवायची. आठवड्यानं पुन्हा तेच. पाणी आणखी लांब गेलं की पाचसहा जण मिळून जेसीबीनं चारी खणायची. भेगाळलेल्या गाळातून पाइपांच्या रांगा पाण्याचा पाठलाग करत जातात आणि वाटेत बुडालेल्या गावांच्या भिंती, पायऱ्या, पळसदेवचं देऊळ वर येतं. लोक मोबाइल घेऊन देवळाचे फोटो काढायला येतात. पाइप फोटोत येऊ नयेत अशी काळजी घेतात.

7 मार्च 1966 ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि 1980 मध्ये ते पुरं झालं. काठची जुनी गावं तळाला गेली. म्हणजे ज्या मृतसाठ्यावर आज नातू मोटर टाकून बसला आहे, त्याच्या तळाशी आजोबांचं शेत आहे. आजोबांचं शेत बुडालं म्हणून नातवाची केळी उभी आहे. लवचीकतेची याहून सरळ व्याख्या कुठल्या अहवालात असेल तर दाखवावी.

घरातही तसंच. महासत्तांच्या भांडणात केळीचा हंगाम गेला, तरी घर उभं राहतं, ते मृतसाठ्यावर. बायकोच्या गळ्यातलं आधी बँकेत जातं. मग दुभती म्हैस बाजारात. मग बचत गटातनं उचल. मार्चअखेरीला सोसायटीचं नवं-जुनं होतं: जुनं कर्ज फेडल्याची सही आणि त्याच दिवशी नवं घेतल्याची सही, मध्ये पैशाला हात लावायचा नाही. कागदावर वसुली शंभर टक्के. सचिव खूश, बँक खूश, आकडेवारी खूश. सभागृहातला वक्ता हा आकडा पडद्यावर दाखवतो आणि म्हणतो, बघा किती लवचीक आहेत! गळा मोकळा झालेली बाई त्या आलेखात दिसत नाही. ती उणे साठला आहे.

आणि खरोखरच नुसती लवचीकता बघायची असेल तर धरणातली चिलापी बघा. मूळची आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आणली. गढूळ पाणी चालतं, पुणे-पिंपरीचं सांडपाणी चालतं, पाणी घटलेलं चालतं. तिच्यापुढं इथल्या मूळच्या माशांना जागा राहिली नाही. लवचीकतेच्या स्पर्धेत पहिला नंबर येतो तो नेहमी गावातल्याचाच असतो असं नाही.

सांडपाण्यावरून आठवलं. महासत्तांच्या चढाओढीसाठी आम्हाला आखातात जायचीही गरज नाही. एप्रिल 2021 मध्ये उजनीत येणाऱ्या सांडपाण्यापैकी पाच टीएमसी इंदापूर तालुक्याला द्यायचं म्हणून सर्वेक्षणाचा आदेश निघाला. सोलापूर जिल्हा पेटला, आंदोलनं झाली आणि मे महिन्यातच आदेश रद्द झाला. तेव्हाचे पालकमंत्री सोलापूरचे आणि आमदार इंदापूरचे, आणि दोन्ही एकच गृहस्थ. तटस्थ राष्ट्र म्हणतात ते हेच. जगात महासत्ता तेलावरून भांडतात. आम्ही पुण्याच्या गटारावरून भांडलो, आणि कुणी हसलं नाही, कारण त्यावर दोन्हीकडचा ऊस उभा होता.

वाकतो तो मोडत नाही, असं सांगणाऱ्यांनी याच भीमेच्या खोऱ्यातला एक जुना हिशेब वाचावा. 1861 ला अमेरिकेत यादवी लागली. तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा झाला. दख्खनच्या शेतकऱ्याला भाव मिळाला, पत मिळाली, सावकार घरी येऊन कर्ज देऊ लागला. 1865 ला तिकडचं युद्ध संपलं, इकडचा भाव कोसळला, कर्ज राहिलं आणि सरकारनं सारा वाढवला. दहा वर्षं माणसं लवचीक राहिली. मग 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर गेले आणि त्यांनी कर्जरोखे मागितले. मिळाले ते जाळले. पुढं हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी गेलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला, 1879 मध्ये कायदा केला. लवचीकतेचा अहवाल नेहमी ती संपल्यावरच येतो.

मग करायचं काय? महासत्ता थांबवणं ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत नाही. पण माल एकाच दारातून का जावा, हे तरी विचारता येतं. देशातली शंभरावी किसान रेल्वे 28 डिसेंबर 2020 ला आपल्याच सांगोल्याहून बंगालकडं सुटली. झेंडा दिल्लीहून पंतप्रधानांनी दाखवला. पुढं अनुदान आटलं आणि गाडीही आटली. होर्मुझ बंद पडली तर जगभर बैठका होतात. सांगोल्याची गाडी बंद पडली तर बैठकीचा चहासुद्धा होत नाही. वादळानं केळी पडली तर विम्याचं निदान नाव तरी आहे. रॉकेटनं भाव पडला तर कुठल्या रकान्यात लिहायचं, हे तलाठीभाऊंनाही ठाऊक नाही. शीतगृहात माल ठेवावा तर भाडं शेतकऱ्याचं. थोडक्यात, नफ्याची साखळी जागतिक आणि तोट्याचा उतारा स्थानिक.

ऑगस्ट 2024 मध्ये धरण पुन्हा भरलं. वर्तमानपत्रांत ठळक मथळे आले, पुलावर सेल्फीवाल्यांची गर्दी झाली. त्याच दिवसांत काठावर उलटं काम चाललेलं असतं. चढत्या पाण्यातून मोटर मागं घ्यायची, पाइप सोडवायचे, केबल गुंडाळायची. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या तात्यांना कुणीतरी बांधावरून ओरडून विचारलं, "तात्या, धरण शंभर टक्के झालं, आता काय टेन्शन?"

तात्या पाइप मोजत होते. एकोणीस, वीस, एकवीस. मान वर न करता म्हणाले, "धरण भरलं रं. पाइपाची उधारी अजून उणेच हाय."