विमान रात्रीचं, निघणं सकाळचं

आमच्या घरात विमान नेमकं किती वाजता सुटतं हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणजे तिकिटावर वेळ छापलेली असते, ती सगळ्यांनी वाचलेलीही असते. पण तिकिटावरची वेळ खरी मानून वागणं हा आमच्याकडे उथळपणा समजला जातो. ती वेळ विमानाची. माणसाची वेळ वेगळी, ती काढावी लागते.

सिंगापूरला मेहुणीकडे जायचं ठरलं तेव्हा ती कशी निघाली ते सांगतो. विमान मुंबईहून रात्री १.५०चं. विमान कंपनी म्हणते, परदेशी जायचं तर तीन तास आधी या. म्हणजे १०.५०. पुण्यातल्या सहकारनगरातून सहारच्या विमानतळावर पोचायला मोबाइलमधला नकाशा साडेतीन तास दाखवत होता. म्हणजे ७.२०. इथपर्यंत सगळं उघड्यावर चाललं होतं. मग बायकोने घाटासाठी एक तास मनातल्या मनात धरला आणि मला ६.२० सांगितले. मी तेच ड्रायव्हरला कळवले. तो म्हणाला, ‘‘दादा, संध्याकाळी वाशीपासून सायनपर्यंत लई गर्दी आस्ती, दोन तास हातात ठेवा.’’ झाले ४.२०. घाट नकाशाने मोजला होता, बायकोने मोजला होता, ड्रायव्हरनेही दोन तासांत बहुधा धरलाच होता. एकाच खंडाळ्याचे तीन घाट झाले होते आणि आपल्या आधी दुसऱ्याने हेच केलंय, याचा पत्ता एकालाही नव्हता.

मग हा आकडा सासऱ्यांकडे गेला.

आमचे सासरे, अण्णा, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. मातीच्या धरणाचा उतार पाण्याने भरल्यावरही उभा राहावा म्हणून सुरक्षागुणक दीड धरतात. म्हणजे लागेल त्याच्या दीडपट ताकद. अण्णा निवृत्त झाले, दीड झाला नाही. पाहुणे दहा असतील तर पंधरांचा श्रीखंडाचा चक्का येतो आणि पुढचे चार दिवस आम्ही श्रीखंड-पोळीच खातो. त्यांनी कागद ओढला. दुपारी ४.२० ते रात्री १.५० म्हणजे साडेनऊ तास. गुणिले दीड, सव्वाचौदा. रात्री १.५०मधून सव्वाचौदा तास मागे गेलं की सकाळचे ११.३५.

‘‘अकरा पस्तीसला निघू,’’ अण्णा म्हणाले.

मी काही बोलणार तोच सासूबाई पंचांग मिटवत म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे. बुधवार आहे, बाराला राहूकाळ लागतो.’’ पाटबंधारे खातं आणि दाते पंचांग एकाच मिनिटावर येऊन भेटल्यावर जावयाने बोलायचं नसतं.

अण्णांना हसणं सोपं आहे, पण १२ जुलै १९६१ला ते नारायण पेठेत शाळकरी पोर होते. पानशेतचं काम पुरं व्हायच्या आत त्यात पाणी अडवलं, धरण फुटलं आणि पेठांमध्ये जे पाणी शिरलं ते त्यांनी दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं. ‘‘घाई,’’ ते अजूनही म्हणतात, ‘‘दुसरं काही नाही, घाई.’’ त्यांच्या लेखी सव्वाचौदा तास आधी निघणं म्हणजे घाई नव्हेच. ती घाईवरची लस आहे.

विरोधी पक्ष घरातलाच आहे. अण्णांचा चिरंजीव, माझा मेहुणा, बंगळुरूला असतो आणि पुण्याला येताना-जाताना पाठीवर एक सॅक सोडून काही आणत नाही. चेक-इन आदल्या दिवशी मोबाइलवर. लोहगाव विमानतळाच्या दारात डिजियात्राच्या कॅमेऱ्याला चेहरा दाखवतो आणि आत. जाण्याच्या दिवशी तो सकाळी निवांत मिसळ खात बसलेला असतो आणि अण्णा येरझाऱ्या घालत असतात. जाणारा एकजण, बीपी दुसऱ्याचं.

त्याचं म्हणणं असं, की खरे आकडे दोनच. देशातल्या देशात बहुतेक कंपन्यांचं सामानाचं काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं आणि विमानाचं गेट २५ मिनिटं आधी. बाकी दोन तास, अडीच तास हे सगळे सल्ले. सल्ला देणाऱ्याचं त्यात काही जात नाही.

‘‘आणि दिल्ली?’’ अण्णा म्हणतात. डिसेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर एवढी गर्दी उसळली, की कंपन्यांनी लोकांना साडेतीन तास आधी यायला सांगितलं, तेही देशांतर्गत प्रवासाला. त्या बातमीचं कात्रण अण्णांनी गीताईत ठेवलं आहे. दिल्लीची गर्दी पुढे ओसरली, कात्रण तिथेच आहे.

एकदा जेवताना मेहुण्याने स्टिगलर काढला. १९८२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जॉर्ज स्टिगलर. त्यांच्या नावावर एक विचार सांगितला जातो, की ज्याचं विमान आयुष्यात एकदाही चुकलं नाही, तो माणूस विमानतळांवर फाजील वेळ वाया घालवतोय. गणित चोख आहे. दर खेपेला तीन तास बसून राहण्याची किंमत मांडा, कधीतरी एकदा विमान चुकण्याची किंमत मांडा, दुसरी स्वस्त पडते.

अण्णांनी आमटीचा भुरका मारला आणि शांतपणे विचारलं, ‘‘चुकल्यावर पुढचं तिकीट त्यांना विद्यापीठ काढून देत होतं का?’’

मेहुणा गप्प झाला. माझं मत विचाराल तर (विचारत कोणी नाही) दोघंही बरोबर आहेत, फक्त मेहुणा सरासरीबद्दल बोलतो आणि अण्णा पुराबद्दल. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाच्या गृहस्थांनी १९०९पासून रांगांचं गणित मांडायला घेतलं. त्यातली अण्णांच्या बाजूची गोष्ट अशी, की खिडकीवरचा माणूस अधूनमधून मोकळा असतो तोवर रांग गुणी वागते, पण त्याला उसंत मिळेनाशी झाली की चार माणसं जास्त आली तरी रांग भलतीच फुगते. पुण्याहून पहाटे एकापाठोपाठ एक विमानं सुटतात तेव्हा हे बघायला मिळतं. सोमवारी दहा मिनिटं लागलेली रांग शुक्रवारी चाळीस खाते, आणि आज सोमवार आहे की शुक्रवार हे रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांचा तर निराळाच फास असतो. तिकिटावर गुरुवार, १.५०. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ असंच तिकीट घेऊन गुरुवारी रात्री पावणेअकराला पोचले. तीन तास लवकर आल्याच्या समाधानात त्यांनी तिकीट पुढे केलं, तेव्हा ते एकवीस तास उशिरा आल्याचं त्यांना सांगण्यात आलं. त्या दिवसापासून अण्णांनी ‘गुरुवार’ हा शब्द खोडून तिकिटाच्या प्रतीवर लाल शाईने ‘बुधवार रात्र’ असं लिहायला सुरुवात केली.

तर आम्ही ११.३५ला निघालो. घाट रिकामा होता. सायन रिकामं होतं. मेहुण्याने फोनवर हसून घेतलं. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही पार्ल्याला आत्यांच्या दारात होतो.

पुणेकराच्या परदेशप्रवासात पार्ल्याच्या नातेवाइकाचं स्थान व्हिसाच्या खालोखाल आहे. विमानतळाची भिंत पलीकडे, त्यामुळे पार्लेकरांना विमान ही आपल्या गल्लीतली गोष्ट वाटते. आत्यांच्या घरात विमान डोक्यावरून गेलं की बोलणं तेवढ्यापुरतं थांबतं आणि मग त्याच शब्दापासून पुढे सुरू होतं. अण्णांच्या दीडपटीला तोड असेल तर ती आत्यांची शून्यपट. पाच वाजल्यापासून अण्णा घड्याळ बघायला लागले आणि आत्या पोहे परतायला.

‘‘अरे, दहा मिनिटांवर तर आहे! बस की!’’

‘‘टर्मिनल दोन म्हणजे सहारला. मध्ये हायवे ओलांडायचाय.’’

‘‘हायवे काय ओलांडायचाय, अण्णा? तू पण ना! मी गाऊनवर सोडायला आले तरी वेळेत पोचशील.’’

या ओढाताणीत आम्ही आठला निघालो आणि खरोखर दहा मिनिटांत पोचलो. अण्णांना ते आवडलं नाही.

आमच्या विमानाचं काउंटर उघडायला अजून बराच अवकाश होता. समोर पट्टे लावून केलेली ती नागमोडी वाट होती आणि तिच्यात चिटपाखरू नव्हतं. कोणीही पट्ट्याखालून वाकून सरळ पुढे गेला असता. अण्णांनी ट्रॉली ढकलत एकेक वळण घेतलं. उजवीकडे गेले, परत आले, डावीकडे गेले, परत आले. मागून सासूबाई, मग बायको, मग मी. आम्ही चौघं त्या रिकाम्या रांगेत शिस्तीने नंबर लावून बंद काउंटरसमोर उभे राहिलो. झाडू मारणारा मुलगा आमच्याभोवतीने झाडून गेला.

सुरक्षा तपासणीची अण्णांची तयारी पार्ल्यातच झाली होती. पट्टा, घड्याळ, पेन, सुटे पैसे सगळं पिशवीत. पट्टा काढल्यामुळे सहारभर ते एका हाताने पँट सावरत होते. ‘‘तिथे गेल्यावर काढणारे लोक असतात, त्यांच्यामुळे रांगा तुंबतात,’’ हे त्यांचं म्हणणं. चौकटीतून गेले आणि चौकट वाजली. जवानाने हातातलं यंत्र फिरवलं, ते कमरेच्या वर एका जागी पुन्हा पुन्हा वाजायला लागलं. अण्णांनी शर्टाच्या आत हात घातला आणि जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली बाहेर काढली. घरातलं कपाट तीस वर्षं त्याच किल्लीने उघडतं आणि ती काढून ठेवण्याचा विचार सव्वाचौदा तासांच्या हिशेबात कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. जवानाने किल्ली पाहिली, जानवं पाहिलं, अण्णांना पाहिलं, आणि कडक सलाम ठोकावा तसं ‘‘जाइए, बाबूजी’’ म्हटलं.

पलीकडच्या रांगेत सासूबाईंची पिशवी यंत्राने बाजूला काढली. सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेतं. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४च्या हंगामात पूजेचा नारळ हातातल्या सामानात नेण्याची खास सवलत मिळाली होती, पण ती यात्रेपुरती. हे सगळं सासूबाईंना अण्णांनी तोंडपाठ करवलं होतं.

‘‘माताजी, सूखा नारियल है क्या?’’

‘‘नाही हो,’’ सासूबाई म्हणाल्या. त्या धडधडीत खरं बोलत होत्या. डबा उघडला. आत करंज्या.

‘‘इसके अंदर क्या है?’’

इथे सासूबाई थांबल्या. सारणात अर्धा किलो खोबरं होतं आणि खोटं त्या बोलत नाहीत. ‘‘खाके देखो,’’ त्या म्हणाल्या. त्या महिला जवानाने हसून डबा बंद केला आणि पुढे सरकवला. ड्यूटीवर खाता येत नाही, असं म्हणताना तिची नजर डब्यावरून लवकर हलली नाही, असं बायकोचं निरीक्षण आहे.

अण्णा मात्र तिथून हलेनात. त्यांना शिक्का हवा होता. पूर्वी हातातल्या बॅगेला कागदी टॅग लावायचे आणि तपासणी झाली की त्यावर ठप्पा मारायचे. २०१७मध्ये मोठ्या विमानतळांवर ते बंद झालं. अण्णांना हे माहीत आहे, पण पटलेलं नाही. सरकारी खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तपासणी झाली आणि शिक्का नाही, म्हणजे तपासणी झालीच नाही असं वाटतं. त्यांनी रिकामा टॅग घरूनच बांधून आणला होता. तो त्यांनी आशेने पुढे केला, जवानाने प्रेमाने मागे सारला.

गेटशी पोचलो तेव्हा विमानाला अजून अडीच तास होते. मुंबईला विमानाच्या घोषणा होत नाहीत, फलक बघायचे. त्यामुळे लवकर येऊन खुर्चीत पेंगणाऱ्या माणसाचं विमान त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे मिटल्या डोळ्यांदेखत, जाऊ शकतं. ही शक्यता अण्णांनी मला फार गंभीरपणे समजावून सांगितली. मोराच्या पिसाऱ्यावरून बेतलेलं ते प्रचंड छत त्यांनी थोडा वेळ न्याहाळलं, खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि ‘‘ठीक आहे’’ असा शेरा दिला. नंतर त्यांना करायला काही उरलं नाही.

म्हणून ते गेटच्या काचेच्या दाराशी जाऊन उभे राहिले. हातात पास, पासपोर्ट योग्य पानावर उघडलेला. गेटवर कोणी नव्हतं, फलकावर नुसतं विमानाचं नाव होतं. पाच मिनिटांनी एक गुजराती कुटुंब त्यांच्या मागे येऊन उभं राहिलं. मग दोन विद्यार्थी. मग कोणीतरी कोणालातरी ‘‘सुरू झालं का?’’ विचारलं आणि ‘‘रांग लागलीय म्हणजे झालंच असेल’’ असं उत्तर मिळालं. बघता बघता रांग कॉफीच्या दुकानाला वळसा घालून गेली. चाळीस मिनिटं शंभरेक माणसं अण्णांच्या भरवशावर उभी होती. रांगेतून कोणी बाहेर पडायला लागलं की अण्णा मागे वळून त्यांना धीर देत होते.

शेवटी कंपनीची मुलगी आली. रांग बघून दचकली. सगळ्यांत पुढच्या माणसाचा पास तिने हातात घेतला.

‘‘सर, आपका ग्रुप फाइव्ह है. सबसे लास्ट. प्लीज बैठ जाइए.’’

अण्णांनी पास परत घेतला, चष्मा वर करून वाचला, खाली करून वाचला. मग पँट सावरत माझ्या शेजारी येऊन बसले.

‘‘उगाच घाई केलीत तुम्ही,’’ ते मला म्हणाले.