साडेसातशे डॉलरची वसुली

७४९ डॉलर आणि ५१ सेंट. यातले ५१ सेंट मला फार आवडले. ७४९ चा आकडा कोणीही गुबगुबीत खुर्चीत रेलून, डोळे मिटून ठोकून देऊ शकतो. पण ते ५१ सेंट मात्र कोणीतरी कानावर पेन्सिल खोचून, रात्र जागून काढलेले असणार. ‘आम्ही लुटत नाही हो, हिशेबानं घेतो,’ असं सांगायला ठेवलेले.

हा भाव गोल्फच्या २०२५ च्या रायडर कपचा. अमेरिका विरुद्ध युरोप, बारा-बारा खेळाडू, तीन दिवसांची लढत, दर दोन वर्षांनी. त्या वर्षीचं ठिकाण न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचं बेथपेज ब्लॅक. तिकीट एका माणसाचं, एका दिवसाचं, आणि बसायची जागा स्वतः पळत जाऊन पटकवायची. नुसता सराव बघायचा असला तरी २५५ डॉलर. २०२१ साली विस्कॉन्सिनला हीच लढत दोनशे डॉलरच्या आत बघता येत होती. २०२३ साली रोमला सुमारे अडीचशे युरो पडत होते, आणि तेव्हा लोक ‘फार महाग’ म्हणून कुरकुरले होते. त्या बिचाऱ्यांना आता कोणीतरी शोधून साष्टांग नमस्कार घालायला हवा.

आम्ही दोघं तेव्हा लेकीकडे न्यूजर्सीत, एडिसनला होतो. जावई गोल्फ खेळतो. म्हणजे तो आणि त्याचे तीन मित्र (एक डोंबिवलीकर, एक नागपूरकर, एक कोल्हापूरकर) रविवारी सकाळी झाडीत चेंडू शोधायला जातात आणि मधूनमधून एखादा मारतातही. या मंडळींनी तिकिटांच्या सोडतीत नावं घातली होती आणि सगळ्यांची लागली. सोडत लागली म्हणजे काहीतरी मिळतं, अशी माझी आजवरची समजूत. इथे सोडत लागली की साडेसातशे डॉलर भरण्याची परवानगी मिळते. जावयानं मोठ्या मनानं दोन तिकिटं घेतली होती, दुसरं माझ्यासाठी. मी मनातल्या मनात ८८ नं गुणलं. सहासष्ट हजार! मला एकदम खुर्ची लागली.

“बाबा, जेवण आहे त्यात,” जावई म्हणाला.

“किती वेळा?”

“दिवसभर. हवं तितकं. फक्त बिअरचे पैसे वेगळे.”

इथे आमच्या घरात दोन तट पडले. मी म्हणालो, सहासष्ट हजार वसूल होतील इतकं खायचं तर पहाटे पाचला फाटक उघडल्यापासून सुरुवात करावी लागेल आणि खेळाकडे पाठ करून बसावं लागेल. लेक म्हणाली, तिकीट आईला द्या. त्यावर ही शांतपणे म्हणाली, “मला नवरात्राचे उपास आहेत.” खरंच होतं. सामने २६ ते २८ सप्टेंबर, म्हणजे ऐन नवरात्रात. साडेसातशे डॉलरच्या अमर्याद भोजनातून हिच्या वाट्याला केळं आणि पाणी आलं असतं. ते केळं जगातलं सर्वांत महाग ठरलं असतं आणि हिनं ते ‘जरा कच्चंच आहे’ म्हणून परत केलं असतं.

कोल्हापूरकरानं मग ऑगस्टाचा विषय काढला. मास्टर्स ही गोल्फस्पर्धा जिथे होते ते जॉर्जियातलं ऑगस्टा नॅशनल. तिथे पिमेंटो चीज सँडविच दीड डॉलरला मिळतं. वर्षानुवर्षं दीड डॉलर. मी लगेच हिशेब केला, बेथपेजच्या एका तिकिटात ऑगस्टाची ४९९ सँडविचेस येतात आणि वर एक डॉलर एक सेंट उरतो. “पण आत गेलं तर ना!” डोंबिवलीकर म्हणाला. तेही खरं. तिथलं रोजचं तिकीट क्लबकडून मिळालं तर दीडशे डॉलरच्या आसपास असतं, पण त्यासाठी सोडतीत नाव लागावं लागतं, आणि अर्ज करणाऱ्या बहुतेकांना दर वर्षी फक्त सभ्य भाषेतलं खेदपत्र मिळतं. त्याच तिकिटाला बाहेरच्या बाजारात हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. आणि ज्यांना सोडतही नको, काळा बाजारही नको, त्यांच्यासाठी क्लबनं २०२४ साली फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे एक थाटाची जागा उघडली. तिचा आठवड्याचा पास १७,००० डॉलर. दीड डॉलरचं सँडविच ज्या आवारात विकतात त्याच आवाराच्या शेजारी!

मला स्वतःला ऑगस्टातली भानगड आवडते ती चारही दिवसांच्या कायमच्या पासची. १९३४ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा हा पास साडेपाच डॉलरला होता आणि तरी खपवताना दमछाक होत होती. मग दिवस पालटले. १९७२ साली प्रतीक्षायादी सुरू झाली आणि १९७८ साली ती इतकी लांबली की यादीचीच यादी करावी लागेल म्हणून बंद केली. ज्यांच्याकडे हा पास आहे त्यांच्याकडे तो मरेपर्यंत राहतो. नंतर नवरा किंवा बायकोच्या नावावर होऊ शकतो, मुलांच्या मात्र नाही. एवढी अक्कल आमच्या सोसायटीची घटना लिहिणाऱ्याला असती तर आळीतले निम्मे दावे मिटले असते.

तिथे फोन न्यायला बंदी आहे, पळायलाही बंदी आहे. सकाळी येऊन हिरवळीच्या कडेला आपली घडीची खुर्ची मांडायची, नाव लिहायचं आणि खुशाल कुठेही फिरायला जायचं. परत याल तेव्हा खुर्ची तिथेच असते. तुम्ही नसताना कोणीही तिच्यावर बसावं, तुम्ही आलात की उठावं. हे ऐकून नागपूरकर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आणि खुर्ची कोणी नेत नाही म्हणता?”

आता बेथपेजकडे वळू. पैशाचं सोडा, गोल्फ बघतात तरी कसा, हा माझा मूळ प्रश्न होता. जावयानं मैदानाचा नकाशा उघडला. अठरा भोकं, सगळी मिळून सात हजार यार्डांच्या वर, म्हणजे सहा-सात किलोमीटरची पायपीट. पहिल्या दोन दिवशी सकाळी दोघांनी मिळून एकच चेंडू आळीपाळीनं मारायचा प्रकार असतो. एका वेळी चार सामने, प्रत्येक सामन्यात दोन चेंडू. म्हणजे त्या अवाढव्य रानात सगळे मिळून आठ चेंडू! बघायला रोज सुमारे पन्नास हजार माणसं. दर चेंडूमागे सव्वासहा हजार. आणि चेंडू केवढा, तर सव्वाचार सेंटिमीटर व्यासाचा, मारल्यावर तीनशे यार्ड लांब जाणारा. त्या सव्वासहा हजारांतल्या पहिल्या दोन रांगांना चेंडू दिसतो. पुढच्या दहा रांगांना मारणाऱ्याची टोपी दिसते. उरलेल्यांना पुढच्याची टोपी दिसते.

पहिल्या भोकापाशी भव्य चढता सज्जा बांधतात, तिथून दिसतं म्हणे सगळं. पण तिथे शिरायला पहाटेच्या अंधारात फाटक उघडताच धावत सुटावं लागतं. साडेसातशे डॉलर देऊन वर शर्यतही आपणच पळायची. बरं, मोटार मैदानापाशी नेता येत नाही. ती कितीतरी मैल दूर जोन्स बीचवर, समुद्रकाठी लावायची आणि तिथून बसनं यायचं.

यातला खरा विनोद मला नंतर कळला. बेथपेज ब्लॅक हे कोणा श्रीमंतांच्या क्लबचं मैदान नाही, ती न्यूयॉर्क राज्याची सरकारी बाग आहे. पहिल्या भोकापाशी पाटी लावलेली आहे की हे मैदान अतिशय अवघड आहे, फक्त निष्णात खेळाडूंनीच इथे खेळावं. (पाटी वाचून परत गेलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.) तिथे तेव्हा एरवी खेळायला राज्यातल्या रहिवाशाला सत्तर-ऐंशी डॉलर पडत, बाहेरच्याला त्याच्या दुप्पट किंवा थोडे जास्त. लोक रात्रभर वाहनतळावर आपल्या गाडीत झोपून सकाळचा नंबर लावतात. म्हणजे स्वतः खेळलं तर सत्तर-ऐंशी आणि दुसऱ्याचं बघितलं तर साडेसातशे. बालगंधर्वला नाटकाचं तिकीट पाचशे, पण रंगमंचावर जाऊन तुकाराम करायचा असेल तर पन्नास द्या, असा हा मामला.

खेळणाऱ्यानं तिकीट काढल्याचंही एक उदाहरण इतिहासात आहे. ब्रिटिश ओपनमध्ये प्रेक्षकांकडून पैसे घ्यायला १९२६ साली रॉयल लिदम अँड सेंट ॲन्सला सुरुवात झाली. त्याच वर्षी शेवटच्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मधे बॉबी जोन्स जेवायला हॉटेलवर गेला आणि खेळाडूचा बिल्ला तिथेच विसरला. फाटकावरच्या माणसानं त्याला ओळखलं नाही आणि आत सोडलं नाही. जोन्सनं वाद घातला नाही. सार्वजनिक फाटकावर जाऊन अडीच शिलिंगांचं तिकीट काढलं, आत गेला आणि स्पर्धा जिंकली. पुढे ज्यानं ऑगस्टा नॅशनल काढलं तो हाच. तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल करणारा मला माहीत असलेला हा एकमेव गोल्फप्रेक्षक.

मी आमचं तिकीट डोंबिवलीकराच्या मेहुण्याला देऊन टाकलं आणि शनिवारी दूरचित्रवाणीसमोर बसलो. शेजारी साबुदाण्याची खिचडी. जावई मैदानावर. साडेदहाच्या सुमारास त्याचा फोन आला.

“बाबा, आत्ता ओरडा झाला ना मोठा, काय झालं?”

“तू कुठे आहेस?”

“सोळाव्याजवळ.”

“अरे, सोळाव्यावरच झालं!”

युरोपचा मॅकिलरॉय फटका मारायला उभा राहिला होता, प्रेक्षकांतून शेरेबाजी चालू होती. तो थांबला, मागे सरकला आणि त्यानं इथे न लिहिता येणाऱ्या शब्दांत त्यांना गप्प बसायला सांगितलं. मग चेंडू नेऊन ठेवला थेट भोकाच्या उशाशी. मी जावयाला सगळं सविस्तर सांगितलं. तो आजूबाजूच्यांना इंग्रजीत सांगत होता. पलीकडून “वॉव” ऐकू आलं. त्या दिवशी एडिसनच्या सोफ्यावरून, खिचडी खाता खाता, सोळाव्या भोकाजवळच्या निदान दहा माणसांना मी सामना दाखवला. एकाही माणसाकडून सेंट घेतला नाही.

ती शेरेबाजी दिवसभर वाढतच गेली. पोलिस वाढवावे लागले. पहिल्या भोकापाशी लोकांना चेतवणाऱ्या निवेदिकेनं मॅकिलरॉयला शिवी घालणारी आरोळी दिली, तिला नंतर ते काम सोडावं लागलं. कोणीतरी उडवलेला बिअरचा पेला त्याच्या बायकोच्या टोपीवर आदळला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी न्यूयॉर्कच्या स्वभावावर खापर फोडलं. मला ते पटलं नाही. न्यूयॉर्कची माणसं एरवीही तशीच असतात आणि त्यांचं बरं चाललेलं असतं. इथे साडेसातशे डॉलर दिल्यावर माणूस बघायला येत नाही, वसुलीला येतो. चेंडू दिसत नाही, सज्ज्यात जागा मिळाली नाही, पोटात चौथा हॉट डॉग जात नाही, मग उरलं काय? तोंड. जेवणासारखीच शिवीगाळही तिकिटात धरलेली आहे, असं काहींनी प्रामाणिकपणे समजून घेतलं असावं. ऑगस्टात दीड डॉलरचं सँडविच खाणारा माणूस पाहुण्यासारखा दबून वागतो. त्याला भीती असते की पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. बेथपेजचा माणूस घरमालक होऊन आला होता.

त्यातून या वेळी अमेरिकेच्या प्रत्येक खेळाडूला आयोजकांनी पाच लाख डॉलर दिले. तीन लाख दानधर्मासाठी, दोन लाख ज्याचे त्याला. युरोपवाले फुकट खेळले आणि १५–१३ नं जिंकले. कोल्हापूरकराला याचं फार लागलं. “पैसं आमचं, खेळायचं त्यांनी, आणि हरायचं पण त्यांनीच?”

रविवारचं तिकीट नागपूरकराकडे होतं. त्या दिवशी एकास एक असे बारा सामने असतात, पण युरोपच्या हॉवलंडची मान धरली आणि बाराव्याची सुरुवातच झाली नाही. नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा गुण. मी नागपूरकराला हिशेब करून दिला, न झालेल्या सामन्याचे ६२ डॉलर ४६ सेंट परत मागायचे. त्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्याला मी चेष्टा करतो आहे असं अजिबात वाटलं नाही.

पुढचा रायडर कप २०२७ च्या सप्टेंबरात आयर्लंडला, अडेर मॅनरला. सोमवारी रात्री जेवताना जावई सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, की त्या सुमारास तुम्ही इकडे असलात तर डब्लिन काही फार लांब नाही. लेकीनं त्याच्याकडे जे पाहिलं ते इथे देत नाही. मी ताटाकडे बघत राहिलो. ही मात्र फोनवर पंचांग उघडून बसली होती.

“तारखा काय म्हणालास?”

“सतरा ते एकोणीस, आई.”

“पितृपक्ष आहे.”

मी सुटकेचा श्वास सोडला. जावयाचा चेहरा पडला. हिनं चष्मा काढला, फोन खाली ठेवला आणि म्हणाली, “पितृपक्षात काही नवीन खरेदी करत नाहीत. तिकिटं आधीच काढून ठेव.”