पेणकर

मुंबईहून अलिबागला निघालेल्या माणसाला पेणबद्दल तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. इथे गणपती होतात, इथे पोह्याचे पापड मिळतात आणि इथून पुढे वडखळला गाड्या अडकतात. एवढ्या भांडवलावर तो पेणच्या माणसाचं अख्खं चरित्र उभं करतो. त्याच्या मते पेणकर बारा महिने धूप-उदबत्तीत वावरणारा, भाविक, मऊ बोलणारा, कलेवर जीव टाकणारा आणि व्यवहारात अंमळ भोळा.

पेणकर हे सगळं शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि मूर्तीची किंमत दोनशे रुपयांनी वाढवून सांगतो.

भाविकपणाचं म्हणाल तर त्या मुंबईकराने कारखान्याच्या उंबरठ्यावर एकदा उभं राहून बघावं. आत रांगेने हजारभर गणपती. पाहुण्या बाई चपला काढून, डोळे मिटून हात जोडतात. तेवढ्यात मागून आवाज येतो, ‘अरे, ते पाच दगडूशेठ आत घे, पाऊस आला!’ पाठोपाठ, ‘त्या टिटवाळ्याचा कान उडालाय, तो बाजूला काढ.’ एक पोऱ्या दोन बगलांत दोन लंबोदर मारून बाईंच्या अंगावरून सुसाट निघून जातो. बाई हादरतात. पेणकराला त्यात काहीच वावगं वाटत नाही. त्याच्या लेखी गिऱ्हाइकाच्या घरी प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत तो माल असतो, आणि माल भिजता कामा नये.

भक्ती नसते असं नाही. ती आखणीच्या वेळी दिसते. मूर्ती साच्यातून निघते, डोळे साच्यातून निघत नाहीत. मघापासून चाललेला रेडिओ कोणीतरी बारीक करतो, कारागीर श्वास धरतो आणि बारीक कुंचल्याची एकच रेघ पापणीवरून फिरते. पेणचं नाव आहे ते या रेघेमुळे. म्हणून अस्सल पेणकर मुंबईच्या मंडपात गेला की रोषणाई बघत नाही, नमस्कारही उशिरा करतो. आधी चष्मा सावरून निकाल देतो, ‘कच्चा माल हमरापूरचा आहे, आखणी मात्र भलत्याच कोणाची.’

हमरापूरचं नाव काढलं की आणखी एक भानगड निघते. बाहेरच्याला सगळंच पेण. पण हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांतल्या घराघरात माती आणि प्लास्टर कालवलं जातं. मूर्ती परदेशात जातात त्या पेणच्या म्हणून, आणि भौगोलिक मानांकनही मिळालं ते पेणच्याच नावाला. जोहेकर म्हणतो, हात आमचे आणि नाव त्यांचं. पेणकर म्हणतो, नाव आमचं नसतं तर हात काय करणार होते? हा वाद गेली कित्येक वर्षं चहावर चालू आहे आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे तेही अजून ठरलेलं नाही.

मऊपणाबद्दलही बाहेरच्यांचा अंदाज चुकतो. देशभर पायी फिरून जमिनीचं दान मागणारे विनोबा 1895 साली जन्मले ते याच तालुक्यातल्या गागोद्याला. पण 2008 साली महामुंबई सेझ प्रकल्पाला जमीन द्यायची का, हे विचारायला सरकारला याच तालुक्यातल्या 22 गावांत मतदान घ्यावं लागलं. प्रकल्प काही झाला नाही. दान वेगळं आणि संपादन वेगळं, हा बारकावा इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही.

एखादा पाहुणा हिरवे डोंगर बघून ‘तुमच्याकडे पाण्याला काय तोटा!’ असं म्हणाला, तर मात्र पेणकर गप्प होतो. हेटवणे धरण त्याच्या तालुक्यात, पाणी जातं नवी मुंबईला, आणि तालुक्यातल्याच वाशी-शिर्कीच्या खारेपाटात चैत्र-वैशाखात बायका टँकरची वाट बघत बसतात.

भोळेपणाची कथा तर शेजारच्या अलिबागने भोगली. ‘अलिबाग से आया है क्या’ या वाक्यावर बंदी घाला, अशी याचिका 2019 साली मुंबई उच्च न्यायालयात गेली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका, असं सांगून न्यायालयाने ती फेटाळली. पेणकराने चारचौघांत जिल्ह्याच्या अपमानाचा निषेध केला. घरी येऊन, टोमणा अलिबागवर आहे, पेणवर नाही, याचं समाधान जिताड्याच्या कालवणाबरोबर चवीने खाल्लं.

तो स्वतः मात्र रोह्याला एका वाक्यात निकालात काढतो, ‘रोहा म्हणजे धाटावचा केमिकलचा वास!’ हा निष्कर्ष गाडीची काच खाली करून दोन मिनिटांत काढलेला असतो. अलिबागला निघालेला मुंबईकर पेणबद्दल काढतो, अगदी तसाच. रोहेकर ऐकून घेणाऱ्यांतला नाही. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची मानवंदना असते, पांडुरंगशास्त्री आठवले रोह्यात जन्मले, कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, हे तो एका दमात ऐकवतो. आणि शेवटी हळूच विचारतो, ‘पेणला गणपती सोडून आहे काय?’

खड्ड्यांचंही तेच. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे आणि त्याला पेणकराइतक्या शिव्या कोणीच दिल्या नसतील. पण त्याच खड्ड्यांवरून मुंबईच्या गाडीतून एखादी शिवी बाहेर आली, की तो ताडकन म्हणतो, ‘मग येता कशाला?’

तरीही यायचं असेल तर वैशाखात या. तेव्हा पेणकर साचे दाखवेल, चहा पाजेल, हमरापूरवाल्यांची उणीदुणीही काढेल. ऐन श्रावणात येऊन ‘थोडं कमी करा ना’ असं म्हणाल, तर तो मान वर न करता पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारेल. आणि पापड हायवेवर घेऊ नका, गावात शिरून घ्या.