बिऱ्हाड नव्या भाषेचे
नव्या संगणकभाषेसाठी व्हर्च्युअल मशीन निवडताना तेच पाहावे लागते, जे पंचवटीतल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाड करताना पाहतात: सोयी आणि मालकाचा स्वभाव. जावाच्या जेव्हीएमवर कचरा उचलण्याची सोय आणि लायब्रऱ्यांची रास आयती मिळते. स्काला, क्लोजर, कॉटलिन तिथेच नांदतात. टेल कॉलची सवलत मात्र मागायची नाही. एर्लांगच्या बीमवर लाखो प्रोसेस गुण्यागोविंदाने राहतात, पण जड आकडेमोडीला दम लागतो. स्वाभिमानी मंडळी स्वतःचेच मशीन बांधतात. पर्ल ६साठी बांधलेल्या पॅरटचे नावच २००१च्या एप्रिल फूलच्या थट्टेवरून पडले. २००९ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. २०१५च्या नाताळात पर्ल ६ अवतरली, ती मुख्यतः मोअरव्हीएम या दुसऱ्याच मशीनवर. जिच्यासाठी घर बांधले, तिनेच बिऱ्हाड हलवले.