टँकरच्या पाठीवरचं वाचन

मिथेनॉलच्या टँकरवर १२३० हा आकडा रंगवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांनी या रसायनाला दिलेला हा क्रमांक. बोरघाटात मागून येणारा मोटारवाला तो वाचतो आणि ‘हॉर्न ओके प्लीज’च्या खात्यात जमा करतो. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत सगळं आहे: धोक्याचं चिन्ह, तातडीचा फोन नंबर, चालकाला तीन दिवसांचं प्रशिक्षण. त्याची नोकरीची जागा ताशी साठच्या वेगाने उतारावरून पळते, एवढीच काय ती अडचण.

१३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ, द्रुतगती मार्गावरच्या कुणे पुलावर, असा टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं. चार जण गेले. खालून जाणाऱ्यांना कुणी तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं नव्हतं.

कचऱ्याचा मात्र थाट वेगळा. तळेगावच्या कारखान्यातून घातक कचऱ्याचं पिंप निघालं की सोबत वाहतुकीच्या कागदाच्या, ‘नमुना १०’ च्या, सात प्रती, प्रत्येकीचा रंग निराळा. लग्नपत्रिकेलाही इतका मान नसतो. सांडलेल्या रसायनाला प्रतच नाही. ते सरळ गटारात उतरतं आणि पुढे इंद्रायणीला मिळतं.

मिथेनॉलची ज्योत तर उन्हात जवळपास दिसतही नाही. आग विझवायचा साधा फेस त्यावर टिकत नाही, अल्कोहोलला दाद न देणारा खास फेस लागतो. तो मागवायचा फोन नंबर टँकरवरच लिहिलेला असतो, जळणाऱ्या बाजूला.