उन्हाला ओसी कोण देणार?

मुंबई २०५० साली 'नेट झिरो' होणार आहे. देशाने २०७० ची तारीख दिली आहे; मुंबई नेहमीप्रमाणे घाईत, म्हणून वीस वर्षं आधी. मार्च २०२२ मध्ये महापालिकेने तसा हवामान कृती आराखडा काढला. पुस्तक देखणं आहे. त्याच महापालिकेत विकास नियंत्रण नियमावली नावाचं आणखी एक पुस्तक असतं. दोघांची अजून ओळख करून दिलेली दिसत नाही.

एक साधा हिशोब मांडू. जुनी चार मजली सोसायटी, सोळा बिऱ्हाडं. टाक्या आणि जिन्याची खोली वगळून गच्चीवर दोन हजार चौरस फूट मोकळी राहिली असं धरा. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट लागतात, म्हणजे वीस किलोवॉट. रोजचे ऐंशी युनिट. दर घराला पाच. पंखे, दिवे, फ्रिज निघून जातात.

आता पुनर्विकास. गच्ची तेवढीच, मजले चाळीस, घरं एकशे साठ. वाट्याला अर्धा युनिट. दीड टनाचा एसी तेवढ्यात वीसेक मिनिटं चालेल, आणि लिफ्ट अजून हिशोबात धरलेलीच नाही. एफएसआय दसपट वाढवता येतो, ऊन वाढवता येत नाही, हे नगररचना खात्याला कुणीतरी लेखी कळवायला हवं.

बरं, तेवढी तरी गच्ची उरते का? तिथे 'स्काय लाउंज' आणि इन्फिनिटी पूल असतो. माहितीपत्रकावर पान हिरवं, पश्चिमेकडची भिंत मात्र जमिनीपासून वरपर्यंत काचेची. थंड देशांत ऊब आत यावी म्हणून काच लावतात. आपण तीच ऊब आत घेतो आणि विजेचं बिल भरून बाहेर हाकलतो. घराच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याचे निकष २०१८ च्या 'इको निवास संहिते'त आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आल्या. कक्षेत आल्या म्हणजे काय, ते राज्याची नियमावली ठरवणार. काच तोवर थांबत नाही.

ज्या सोसायटीने स्वतःहून पॅनल बसवले, तिची कथा वेगळी. 'पीएम सूर्यघर'मधून सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजारांचं अनुदान मिळतं, चेअरमन पेढे वाटतात. मग शेजारी टॉवर उठतो आणि दुपारी तीनलाच पॅनलवर संध्याकाळ होते. इमारतींमधलं अंतर खोल्यांत हवा-उजेड यावा म्हणून ठरवलेलं. गच्चीच्या उन्हाचा मालक कोण, यावर नियोजनकारांचं मौन. अनुदान सरकारचं, सावलीही सरकारनेच मंजूर केलेली.

आणि ही मुंबई एकेकाळी स्वच्छ विजेवरच चालत होती, बरं का! १९१५ साली खोपोलीला घाटावरचं पाणी खाली सोडून टाटांनी वीज काढली आणि गिरण्या चालवल्या. मग भिवपुरी, मग भिरा. (भिऱ्यासाठीच्या धरणापायी मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. शहराच्या स्वच्छतेची किंमत कुणीतरी दुसराच भरतो, हे तेव्हापासूनचं.) आज तेच शहर ट्रॉम्बे आणि डहाणूच्या वीजकेंद्रांत कोळसा जाळतं आणि आराखड्यात सूर्याचं चित्र छापतं.

तेव्हा पुनर्विकासाच्या पुढच्या सभेत कारपेट, कॉर्पस आणि पार्किंग विचारून झालं की बिल्डरला आणखी दोन प्रश्न विचारा: गच्ची कुणाच्या नावावर, आणि शेजारच्या प्लॉटवर किती मजले येणार? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.